पॉल मॉर्फी

बुद्धिबळाच्या खेळाचा उगम भारतात झाला. चतुरंग या नावाने ओळखला जाणारा हा खेळ प्रथम इराणात गेला, तेथून अरबांच्या हातून युरोपात पोहोचला आणि पुढे अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेतही रुजला. या खेळात नशिबाला थारा नाही. दोन्ही बाजूंचे सैन्य सारखे, घरे तीच चौसष्ट आणि मोहऱ्यांच्या चालीही त्याच. असे असूनही एकाची सरशी होते व दुसऱ्यावर मात होते. याचे कारण हेच की, पटावर जे उघड मांडलेले असते, ते दोघांना सारखेच दिसत नाही. एखाद्या स्थितीत प्रतिपक्षाला निरुत्तर करणारी एकच खेळी दडलेली असते आणि ती हेरावयास विलक्षण दृष्टी लागते. अशी दृष्टी ज्या मोजक्या पुरुषांना लाभली, त्यांत पॉल मॉर्फी याचे नाव अग्रभागी आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या न्यू ऑर्लिन्स शहरात २२ जून १८३७ रोजी पॉलचा जन्म झाला. त्याचे वडील अलॉन्झो मॉर्फी हे नामांकित कायदेपंडित होते. पुढे ते लुइझियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. आई फ्रेंच वंशाची असून संगीतात निपुण होती. घरात संपत्ती होती, विद्या होती आणि बुद्धिबळाची आवडही होती. वडील आणि काका अर्नेस्ट हे सुटीच्या दिवशी पट मांडून बसत आणि लहानगा पॉल त्यांच्याजवळ मुकाट्याने बसून डाव पाहत असे. त्याला हा खेळ कोणी मुद्दाम शिकविला नाही. पाहता पाहताच तो त्याला येऊ लागला.

त्याच्या बालपणाची एक गोष्ट सांगतात. एके दिवशी वडील व काका यांचा एक लांबलेला डाव कोणाचाच जय न होता संपला. दोघांनी बरोबरी मान्य केली आणि मोहरे आवरावयास घेतले. तोच पॉलने सांगितले की, हा डाव काकांनी जिंकावयास हवा होता. या मुलाला खेळातले काय कळते, असे दोघांनाही वाटले. परंतु पॉलने मोडलेली स्थिती पटावर पुन्हा जशीच्या तशी मांडली आणि काकांना जिंकण्याची वाट कोठे होती, ती एकेक खेळी करून दाखविली. दोन अनुभवी माणसांच्या नजरेतून जे निसटले होते, ते एका बालकाने टिपले होते.

मुलाची कीर्ती हळूहळू गावात पसरू लागली. १८४६ मध्ये मेक्सिकोच्या युद्धावर निघालेले सेनापती विन्फील्ड स्कॉट न्यू ऑर्लिन्सला मुक्कामाला होते. त्यांना बुद्धिबळाचा मोठा शौक. गावातील चांगला खेळाडू आपल्यापुढे आणावा, अशी त्यांनी इच्छा दर्शविली, तेव्हा नऊ वर्षांच्या पॉलला त्यांच्यासमोर बसविण्यात आले. आपली थट्टा चालली आहे, असे वाटून सेनापती प्रथम रागावले. परंतु पॉलने त्यांना लागोपाठ दोन डावांत हरविले, असे सांगतात. पुढे १८५० मध्ये योहान लोवेंथाल हा हंगेरीतील नाणावलेला खेळाडू त्या शहरात आला. पॉल त्या वेळी बारा वर्षांचा होता. लोवेंथालला त्याच्याविरुद्ध एकही डाव जिंकता आला नाही.

एवढे यश मिळूनही पॉलच्या शिक्षणाकडे घरच्यांनी दुर्लक्ष केले नाही. मोबील शहराजवळील स्प्रिंग हिल महाविद्यालयात त्याने अध्ययन केले. १८५४ मध्ये तो पदवीधर झाला व आणखी एक वर्ष तेथेच राहून त्याने गणित व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. त्यानंतर लुइझियाना विद्यापीठातून एप्रिल १८५७ मध्ये त्याने कायद्याची पदवी मिळविली. त्याची स्मरणशक्ती इतकी तीव्र होती की, आपल्या राज्याच्या दिवाणी कायद्याचा मोठा भाग तो मुखोद्गत म्हणून दाखवी, असा त्याचा लौकिक होता. परंतु वकिली सुरू करण्यास एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागत आणि पॉल अजून विसाच्या आतच होता. आदल्या वर्षीच वडिलांचे छत्र हरपले होते. पदवी हातात असून काम करण्याची मुभा नाही, अशा या रिकाम्या काळात त्याच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

१८५७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकेतील पहिली बुद्धिबळ परिषद भरली. सोळा खेळाडूंच्या त्या स्पर्धेत मॉर्फीने एकामागून एक प्रतिस्पर्धी मागे टाकले. अखेरच्या सामन्यात त्याची गाठ लुई पॉलसन या जर्मन खेळाडूशी पडली. पॉलसन अतिशय सावध व चिवट खेळाडू होता. त्या काळी डावाला घड्याळ लावण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे तो एकेका खेळीला पुष्कळ वेळ घेई. मॉर्फी मात्र झटपट खेळे व उरलेला वेळ शांतपणे बसून राही.

या सामन्यातील सहावा डाव बुद्धिबळाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मॉर्फीकडे काळे मोहरे होते. त्याने आपला वजीर प्रतिपक्षाच्या गोटात असा रोवून ठेवला होता की, त्यामुळे पॉलसनचे एक मधले प्यादे अडले आणि त्या प्याद्यामागे त्याचा एक उंट कोंडला गेला. ही कोंडी फोडण्यासाठी पॉलसनने आपला वजीर मॉर्फीच्या वजिरावर घातला. कोणीही सामान्य खेळाडू वजिरावजिरी करून मोकळा झाला असता, किंवा वजीर मागे घेऊन बसला असता. मॉर्फीने तसे काही केले नाही. सतराव्या खेळीला त्याने आपल्या वजिराने राजाजवळील एक उंट मारला आणि तो वजीर शत्रूच्या प्याद्याला खुशाल मारू दिला. पाहणारे चकित झाले. पॉलसनने वजीर घेतला. पण त्याच वेळी त्याच्या राजापुढची प्याद्यांची भिंत ढासळली. मॉर्फीच्या हत्तीने शह दिला, उंट त्याच्या साहाय्याला धावले आणि एकाकी राजा चहूकडून वेढला गेला. कोंडलेल्या मोहऱ्यांना राजाच्या मदतीस येता येईना. अठ्ठाविसाव्या खेळीनंतर पॉलसनने डाव सोडला. सामनाही मॉर्फीने जिंकला आणि अवघ्या विसाव्या वर्षी तो अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला.

या डावाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे निष्णात अभ्यासकांनी तो डाव बारकाईने तपासला, तेव्हा त्यांना असे आढळले की, बाविसाव्या खेळीला मॉर्फीने उंटाने शह देण्याऐवजी हत्ती राजाच्या अगदी जवळ नेऊन ठेवला असता, तर विजय अधिक लवकर मिळाला असता. जिंकणारी खेळी शोधणे ही एक गोष्ट, आणि जिंकणाऱ्या अनेक खेळ्यांतून सर्वांत निर्णायक खेळी निवडणे ही त्याहून कठीण गोष्ट होय. मॉर्फीसारख्याच्या हातूनही ती क्वचित सुटे. म्हणूनच या खेळात चांगली खेळी सापडली तरी तेवढ्यावर न थांबता त्याहून चांगली आहे काय, हे पाहण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते.

अमेरिकेत आता त्याच्या तोडीचा कोणी उरला नव्हता. १८५८ च्या जूनमध्ये तो इंग्लंडला गेला. हॉवर्ड स्टाँटन हा तेथील विख्यात खेळाडू. त्याच्याशी सामना खेळावा, अशी मॉर्फीची मोठी उत्कंठा होती. परंतु स्टाँटन त्या वेळी शेक्सपिअरच्या नाटकांच्या संपादनात गुंतला होता. आज होईल, उद्या होईल, असे म्हणता म्हणता तो सामना कधी झालाच नाही आणि ही खंत मॉर्फीच्या मनात कायम राहिली. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या लोवेंथालशी मात्र त्याचा रीतसर सामना झाला व तो त्याने नऊ विरुद्ध तीन डावांनी जिंकला. दोन डाव बरोबरीत सुटले. बर्मिंगहॅम येथे तो पटाकडे न पाहता एकाच वेळी आठ जणांशी खेळला. आठही डावांची स्थिती मनातल्या मनात सांभाळून त्याने सहा डाव जिंकले, एक बरोबरीत सोडविला व केवळ एक गमावला.

तेथून तो पॅरिसला गेला. काफे द ला रेजाँस हे तेथील उपाहारगृह म्हणजे बुद्धिबळपटूंचे माहेरघरच होते. तेथे डॅनियल हारविट्झ या कसलेल्या खेळाडूचा त्याने पराभव केला. प्रथम दोन डाव गमावल्यावरही त्याने धीर सोडला नाही आणि सामन्याचे पारडे फिरविले. पट न पाहता आठ जणांशी खेळण्याचा प्रयोग त्याने येथेही केला. सुमारे दहा तास चाललेल्या त्या प्रयोगात तो एकही डाव हरला नाही. सहा डाव त्याने जिंकले व दोन बरोबरीत सुटले.

याच मुक्कामात तो डाव खेळला गेला, जो आज जगभर बुद्धिबळाच्या विद्यार्थ्यांना आरंभीच्या धड्यांत दाखविला जातो. ब्रन्सविकच्या ड्यूकने मॉर्फीला संगीत नाटकास नेले होते. ड्यूकला रंगभूमीइतकाच बुद्धिबळाचाही षोक असल्याने त्याने नाट्यगृहातील आपल्या सज्जातच पट मांडला. एका बाजूला स्वतः ड्यूक व काउंट इझुआर असे दोघे जण परस्परांशी विचारविनिमय करून खेळू लागले. दुसऱ्या बाजूला एकटा मॉर्फी.

आठव्या खेळीच्या वेळी मॉर्फीपुढे एक मोह उभा राहिला. त्याच्या वजिराला प्रतिपक्षाचे एक निराधार प्यादे मारता येत होते. ते मारले असते, तर प्रतिपक्षाने शह देऊन वजिरावजिरी साधली असती. एका प्याद्याचा लाभ पदरी पडून मॉर्फीला बहुधा जिंकताही आले असते. पण तो विजय दूरचा व संथ ठरला असता. मॉर्फीने प्याद्याकडे पाठ फिरविली आणि जागेवरच बसून राहिलेला आपला घोडा बाहेर काढला. प्राप्ती लहान असेल तर तिच्यामागे न लागता आधी सर्व सैन्य रणांगणावर आणावे, हा त्याच्या खेळाचा मूलमंत्र होता.

दहाव्या खेळीला त्याने एक घोडा देऊन दोन प्यादी घेतली आणि उंटाने शह दिला. बाराव्या खेळीला किल्लेकोट करून त्याने राजा सुरक्षित स्थळी नेला आणि त्याच खेळीने एक हत्ती मोकळ्या उभ्या पट्टीवर आणला. पुढच्याच खेळीत तोही हत्ती शत्रूच्या घोड्यासाठी खर्ची घातला व त्याची जागा दुसऱ्या हत्तीने घेतली. इकडे ड्यूक व काउंट यांच्या सैन्यातील एक उंट व एक हत्ती डावाच्या आरंभी जेथे होते तेथेच निजून होते. नुसती मोजदाद केली असती, तर प्रतिपक्षाकडे एक मोहरा अधिकच भरला असता. परंतु लढाईत मोजावयाचे ते लढणारे सैनिक. छावणीत झोपलेले नव्हेत.

सोळाव्या खेळीला मॉर्फीने पटावरचा आपला सर्वांत बलाढ्य मोहरा, म्हणजे वजीर, शत्रूच्या अगदी शेवटच्या रांगेत नेऊन शह दिला. तेथे तो घोड्याच्या तोंडी होता. राजाला हलावयास घर नव्हते व मध्ये मोहरा घालण्यास वाव नव्हता. वजीर मारणे एवढे एकच उत्तर प्रतिपक्षाला उरले होते. घोड्याने वजीर मारला. पण त्यासाठी त्याला ज्या उभ्या पट्टीवरून बाजूला व्हावे लागले, तीच पट्टी मॉर्फीच्या हत्तीला मोकळी झाली. सतराव्या खेळीला हत्ती शेवटच्या रांगेत उतरला, उंटाने दुरून त्याची पाठ राखली आणि राजावर मात झाली. प्याद्यांखेरीज मॉर्फीजवळ उरले होते एक हत्ती व एक उंट एवढेच दोन मोहरे, आणि तेवढेच त्या कामाला पुरेसे होते. वजीर देण्याचे धाडस डोळे दिपविते खरे. परंतु ती खेळी आकाशातून पडलेली नव्हती. आधीच्या पंधरा खेळ्यांत एकही मोहरा न दवडता, एकही घटका वाया न घालविता त्याने तिची सिद्धता केली होती.

आता युरोपात एकच महान खेळाडू उरला होता. तो म्हणजे ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथील गणिताचे अध्यापक आडोल्फ अँडरसन. १८५१ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे ते विजेते होते. नाताळच्या सुटीत ते मुद्दाम पॅरिसला आले. मॉर्फी त्या वेळी आजारी होता व अशक्तपणामुळे त्याला उठून बसणेही जड जात होते. तथापि सामना झाला. मॉर्फीने सात डाव जिंकले, दोन गमावले व दोन बरोबरीत सोडविले. अँडरसन यांचे मन खेळाइतकेच थोर होते. त्यांनी पराभवासाठी कोणतीही सबब पुढे केली नाही. प्रतिस्पर्ध्याचे श्रेष्ठत्व त्यांनी निखालसपणे मान्य केले. जगज्जेतेपदाचा किताब त्या काळी अस्तित्वात आलेला नव्हता. पण जगातील पहिला खेळाडू कोण, याविषयी आता कोणाच्या मनात किंतु राहिला नाही.

१८५९ मध्ये मॉर्फी मायदेशी परतला, तेव्हा न्यूयॉर्क व बॉस्टन येथे त्याचे थाटाचे सत्कार झाले. सोन्या-चांदीच्या मोहऱ्यांचा संच त्याला अर्पण करण्यात आला. एक प्यादे व पहिली खेळी यांची सवलत देऊन कोणाशीही खेळण्यास आपण तयार आहोत, असे त्याने जाहीर केले. परंतु ते आव्हान स्वीकारावयास कोणी मातब्बर खेळाडू पुढे आला नाही.

येथून पुढे त्याच्या जीवनाची कहाणी करुण आहे. बुद्धिबळ हा फावल्या वेळचा सभ्य विरंगुळा आहे, त्यावर पोट भरणे आपल्या कुलाला शोभणारे नाही, अशी मॉर्फीची ठाम समजूत होती. पैशासाठी खेळणारा म्हणून आपली ओळख व्हावी, हे त्याला मुळीच रुचत नसे. वडिलांप्रमाणे कायद्याच्या क्षेत्रात नाव मिळवावे, हीच त्याची मनीषा. परंतु १८६१ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. न्यू ऑर्लिन्स शहर दुसऱ्या वर्षी उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात गेले. मॉर्फी हवानामार्गे पॅरिसला गेला व १८६४ मध्ये परतला. त्याने वकिलीचे कार्यालय थाटून पाहिले, पण त्याचा जम बसला नाही. लोकांच्या लेखी तो वकील नव्हता, तर केवळ बुद्धिबळपटू होता. ज्या कीर्तीचा त्याला अभिमान वाटावयाचा, तीच त्याला अडसर वाटू लागली. हळूहळू त्याने खेळ सोडला, आणि पटाचा विषय निघालेलाही त्याला नकोसा झाला.

पुढे त्याचे मन आजारी पडले. आपल्याविरुद्ध कोणी कट करीत आहे, असा संशय त्याला ग्रासू लागला. मनोविकारांवरील उपचारांचे ज्ञान त्या काळी फारच तोकडे होते. अतिशय बुद्धिबळ खेळल्यामुळे त्याची अशी दशा झाली, असा समज लोकांत पसरला. परंतु त्याला आधार नाही. आजार बळावण्याच्या कितीतरी आधी त्याने खेळाला रामराम ठोकला होता. आई व बहीण यांच्या सोबतीत तो शांत, एकाकी आयुष्य कंठीत राहिला. १० जुलै १८८४ रोजी दुपारच्या उन्हातून फिरून आल्यावर स्नान करीत असता त्याचा अंत झाला. तो त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचा होता.

त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा पहिला अधिकृत सामना झाला. तो जिंकणाऱ्या विल्हेल्म स्टाइनिट्झने या खेळाला शास्त्राचे रूप दिले. आधी स्थिती बळकट करावी आणि मगच हल्ला चढवावा, या ज्या तत्त्वाची त्याने मांडणी केली, ते मॉर्फीच्या डावांत पूर्वीच प्रत्यक्ष आचरणात आलेले होते. स्वतः मॉर्फीने त्यावर ग्रंथ लिहिला नाही. त्याचे डाव हाच त्याचा ग्रंथ होय. न्यू ऑर्लिन्समधील जुन्या स्मशानभूमीत कुटुंबाच्या थडग्यात तो चिरनिद्रा घेत आहे. त्याने खऱ्या अर्थाने स्पर्धेत खेळण्यात घालविलेला काळ जेमतेम दोन वर्षांचा. परंतु तेवढ्या अवधीत खेळलेले डाव मांडून मुले आजही त्यावर विचार करतात. दारी आलेले प्यादे न मारता, निजलेला घोडा आधी का उठवावा, हे त्या डावांतून ज्याला उमगले, त्याला निर्णायक खेळी सापडण्याची वाटही उमगली.